चढतो तो सत्ताधीश? एका श्वानसिद्धान्ताचे खंडन

पाळलेला कुत्रा माणसाच्या पायाला, सोफ्यावरच्या उशीला किंवा बागेतल्या दुसऱ्या कुत्र्याला पुढच्या पायांनी कवटाळून कंबर हलवू लागला की त्याचा अर्थ काय, याबद्दल शहरी मराठी घरांत सध्या नवल वाटावे इतके एकमत आहे. घरी येऊन शिकवणारा ट्रेनर, सोसायटीच्या आवारात सकाळी भेटणारे अनुभवी काका आणि मोबाइलवरचे व्हिडिओ एकच निदान सांगतात: ‘तो डॉमिनन्स दाखवतोय. घरात वरचढ व्हायला बघतोय. आत्ताच दाबला नाहीत तर डोक्यावर बसेल.’ निदानाच्या पाठोपाठ उपायही येतो. त्याला उताणा पाडा, छातीवर हात दाबून धरा, डोळ्यांत डोळे रोखून बघा, तो मान वळवेपर्यंत सोडू नका. मालक कोण ते त्याला कळले पाहिजे.

या मतामागे एक रीतसर अनुमान आहे, म्हणून ते आधी त्याच्या बळकट रूपात मांडू. प्रतिज्ञा: हा कुत्रा सत्ता गाजवू पाहतो आहे. हेतू: कारण तो दुसऱ्याच्या अंगावर चढतो. उदाहरण: लांडग्यांच्या कळपात वरचा लांडगा खालच्याला असेच दाबतो. उपनय: कुत्रा लांडग्याच्या कुळातला आहे आणि घर हा त्याचा कळप. निगमन: म्हणून घरातल्या माणसाने वरचे स्थान घेऊन त्याला खाली ठेवावे. पाचही अवयव जागच्या जागी आहेत. ऐकणाऱ्याला ते पटते, कारण वर आणि खाली या दिशांना आपण माणसेच आधीपासून मानाचा अर्थ जोडून बसलो आहोत.

उदाहरणापासून सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. लांडग्यांच्या कळपातल्या ‘अल्फा’ची कल्पना रुडॉल्फ शेन्केल यांच्या 1947 सालच्या निबंधातून पसरली. त्यांनी पाहिलेले लांडगे स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. बंदिस्त जागेत, बाहेर निघून जाण्याची सोय नसताना एकत्र ठेवलेल्या जनावरांत भांडणे आणि उतरंड दिसली यात आश्चर्य नाही. अमेरिकेचे डेव्हिड मीच यांनी 1970 सालच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात ती कल्पना उचलली. पुढे 1986 पासून कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समीर बेटावर त्यांनी उन्हाळ्यामागून उन्हाळे मोकळे लांडगे जवळून पाहिले. तिथला कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिल्ले निघाली. बाप पिल्लांचा ‘अल्फा’ असेल तर आपल्याकडचा प्रत्येक संसारी गृहस्थही अल्फाच म्हणायला हवा. 1999 मध्ये डेव्हिड मीच यांनी हा शब्द वापरण्याच्या सवयीवर शोधनिबंध लिहिला आणि आपल्याच जुन्या पुस्तकाची छपाई थांबवावी म्हणून प्रकाशकाच्या मागे लागले.

मात्र इथे आमच्याच पक्षातल्या काही जणांची एक घाई रोखायला हवी. ‘लांडग्यांचा अल्फा खोटा ठरला, म्हणून कुत्र्यांत दर्जा नसतोच’ असे हल्ली सर्रास लिहिले जाते. हे वाईट खंडन आहे. उदाहरण पडले म्हणून साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते, खोटे ठरत नाही, ते फक्त असिद्ध राहते. शिवाय कुत्र्यांत दर्जा असतो. रोमच्या वेशीवर मोकळ्या राहणाऱ्या कुत्र्यांवर काफाझ्झो आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आणि नेदरलँड्समध्ये एकत्र ठेवलेल्या कुत्र्यांवरच्या 2015 च्या अभ्यासात अशी उतरंड दिसली. पण ती कोणत्या खुणांनी दिसली, हे आमच्या प्रतिपक्षाने वाचायला हवे होते. सर्वांत भरवशाची खूण खालच्या कुत्र्याकडून आली: अंग आखडून खाली करणे, शेपूट खाली धरून हलवणे, वरच्याच्या तोंडाजवळ जाऊन चाटणे. म्हणजे दर्जा असतो तिथेही तो मुख्यतः खालचा मान देतो यातून वाचावा लागतो, वरचा अंगावर चढतो यातून नव्हे.

आता हेतूकडे. हा खरा कच्चा दुवा आहे. न्यायशास्त्रात ज्याला सव्यभिचार किंवा अनैकान्तिक हेतू म्हणतात, त्याचा हा धडधडीत नमुना आहे. जिथे साध्य नाही तिथेही जो हेतू हजर असतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. डोंगरावर आग आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे म्हणणाऱ्याला लालबुंद तापलेला लोखंडी गोळा दाखवतात: आग आहे, धूर नाही. इथे असे गोळे ढिगाने सापडतात.

पाच-सहा आठवड्यांची पिल्ले खेळता खेळता एकमेकांच्या पाठीवर चढतात, आणि दोन मिनिटांनी खालचे पिल्लू वर असते. त्यांच्यात कोणी राज्य मिळवले आणि कोणी गमावले? माद्याही चढतात. फ्रँक बीच या मानसशास्त्रज्ञाने बर्कलीला बीगल जातीच्या कुत्र्यांवर वर्षानुवर्षे काम केले. माद्यांचे चढणे आणि त्यावर होणारा इस्ट्रोजेनचा परिणाम हा त्यांच्या निबंधमालेतला एक स्वतंत्र विषय आहे. नसबंदी झालेले नर चढतात. आणि कुत्रा उशीवर, टेडीवर, गुंडाळून ठेवलेल्या सतरंजीवर चढतो, त्याचे काय? उशीवर सत्ता गाजवून कोणाला काय मिळणार, याचे उत्तर मी अजून कोणत्याही ट्रेनरकडून ऐकलेले नाही.

गोठा पाहिलेल्या माणसाला तर हे सांगावेच लागू नये. गाय माजावर आली हे शेतकरी कशावरून ओळखतो? दुसऱ्या गाई तिच्यावर चढतात आणि ती हलत नाही, उभी राहते, त्यावरून. तेवढ्यावर तो रेतनासाठी डॉक्टरला फोन करतो. चढणारी गाय गोठ्याची मालकीण झाली असे सांगली-कोल्हापूरकडच्या कोणत्याही दूधवाल्याला वाटत नाही. तेच कुटुंब पुण्याच्या फ्लॅटमध्ये लॅब्रॉडॉर घेऊन राहायला आले की त्याच हालचालीत त्याला सत्तासंघर्ष दिसतो, ही गंमत आहे. एका जातीच्या जनावरावरून दुसऱ्याबद्दल अनुमान काढू नये हे मान्य, पण मग लांडग्यावरूनही काढू नये.

आता दुसरा प्रतिपक्ष. तो अधिक जुना आणि अधिक मराठी आहे. भाद्रपदातल्या कुत्र्यांची उपमा आपल्या बोलण्यात मुरलेली आहे आणि तिला निरीक्षणाचा आधारही आहे. आपल्याकडच्या मोकळ्या कुत्र्यांचा समागमाचा मोठा हंगाम पावसाळ्याच्या उतरणीला येतो. तेव्हा या पक्षाचे म्हणणे सरळ: ही वासना आहे, दुसरे काही नाही. उपायही सरळ: ‘एकदा जोडी लावून द्या, शांत होईल.’ वयात आलेल्या मुलाचे लग्न उरकून टाकण्याचा जो सल्ला एके काळी घरोघरी मिळे, तोच हा. तो माणसांच्या बाबतीत किती उपयोगी पडला, हा विषय इथे नको.

हे मत पूर्ण खोटे नाही. शेजारच्या इमारतीतली मादी हीटवर असेल तर नर कुत्रा जेवत नाही, दारापाशी रडतो, जे सापडेल त्यावर चढतो. तिथे कारण कामुक आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘एकदा झाले की शांत’ या तर्कामागे एक गृहीत लपले आहे: आत कसला तरी साठा भरत जातो आणि तो एकदा रिकामा केला की प्रश्न मिटतो. प्राणिवर्तनाच्या शास्त्रातही हे गृहीत एके काळी मानाने नांदत होते. कॉनराड लोरेंझ यांनी 1950 मध्ये पाण्याच्या टाकीचे चित्र काढून ते मांडले. टाकी भरते, दाब वाढतो, तोटी उघडते. लोरेंझ पुढे 1973 चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या तिघांपैकी एक झाले, तरी त्यांची टाकी टिकली नाही. केंब्रिजचे रॉबर्ट हाइंड यांनी 1960 मध्ये अशा साऱ्या ऊर्जा-प्रतिमानांची चिकित्सा केली: वर्तन थांबते ते साठा संपला म्हणूनच असे नाही, पुष्कळदा समोरची परिस्थिती बदलली म्हणून थांबते. शिवाय ज्या कृतीतून सुख मिळते ती कृती पुढच्या वेळी अधिक लवकर होते, हा शिकण्याचा साधा नियम. जोडी लावून दिल्याने कुत्रा समागम विसरत नाही, त्याला तो कळतो.

व्यवहारातले धोके वेगळेच. आपल्याकडच्या मोकळ्या कुत्र्यांत समागमातून पसरणारा एक कर्करोग सर्रास आढळतो. त्यात रोगजंतू नव्हे, तर गाठीच्या जिवंत पेशीच एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातात आणि तिथे रुजतात. मग महिनामहिना व्हिन्क्रिस्टिनची इंजेक्शने. त्यातून बचावलो तरी सात-आठ पिल्ले कोणाच्या दारात ठेवायची, हा प्रश्न उरतोच, आणि जोडी लावून देणारे काका त्या वेळी फोन उचलत नाहीत.

तिसरा पक्ष सुधारकांचा आहे आणि त्याच्याशी वाद घालताना अधिक जपून बोलावे लागते, कारण त्याची निम्मी बाजू खरी आहे. ‘ऑपरेशन करून टाका, चढणे बंद’ असे हा पक्ष म्हणतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथे नीलसन, एकस्टाइन आणि हार्ट यांनी 1997 मध्ये 57 नर कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सगळे दोन वर्षांहून मोठे असताना खच्ची केलेले होते. चढणे, लघवीने खुणा करणे आणि भटकणे या तीन सवयींत साठ टक्के किंवा अधिक कुत्र्यांत निम्म्याहून जास्त सुधारणा झाली. पण सवय जवळजवळ मोडली, म्हणजे नव्वद टक्क्यांनी कमी झाली, अशी कुत्री होती फक्त पंचवीस ते चाळीस टक्के. म्हणजे ऑपरेशन झालेल्या दहा कुत्र्यांतली सहा-सात तरी थोडीफार चढत राहणार. असे का? रक्तातले टेस्टोस्टेरॉन ऑपरेशननंतर काही दिवसांतच ओसरते, पण नराच्या मेंदूची घडण जन्माच्या आगेमागेच झालेली असते, आणि सवय तर शिकण्यातून आलेली असते. शस्त्रक्रियेने काढून टाकता येतील अशा ठिकाणी या दोन्ही गोष्टी नसतात.

त्यात आता वयाचाही प्रश्न आहे. डेव्हिसमधल्याच हार्ट दांपत्याने आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये गोल्डन रिट्रीव्हरवर आणि 2020 मध्ये पस्तीस जातींवर जे काम प्रसिद्ध केले, त्यात काही मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केल्यास सांध्यांचे विकार वाढलेले दिसले. म्हणून घरच्या मोठ्या कुत्र्याचे ऑपरेशन केव्हा करायचे, हे त्याची जात, वजन आणि घरची परिस्थिती पाहून डॉक्टरशी ठरवावे. पाहुण्यांसमोर लाज वाटली म्हणून घाईने ठरवू नये. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी ही निराळी गोष्ट आहे. 2001 चे आणि आता 2023 चे प्राणी जन्मनियंत्रण नियम संख्या आणि रेबीज आवरण्यासाठी आहेत. त्यांचे समर्थन या युक्तिवादाने जरासुद्धा ढिले होत नाही.

मग मंडन काय? चढणे ही एका अर्थाची खूण नाही, हे पहिले विधान. दुसरे असे की घरातल्या बहुतेक प्रसंगांत त्याच्या मुळाशी उत्तेजना असते: हृदयाची गती वाढलेली, श्वास जलद, लक्ष एका जागी ठरत नाही अशी शरीराची अवस्था. उत्तेजना म्हटले की लोक लगेच पुन्हा लोरेंझच्या टाकीकडे वळतात, म्हणून फरक सांगतो. टाकी दिवसेंदिवस भरत जाते. ही अवस्था मिनिटांत चढते आणि प्रसंग शांत झाला की मिनिटांत उतरते. ती आनंदाने चढते, भीतीने चढते, आणि दोन्ही एकदम आले की सर्वांत जास्त चढते. अनोळखी पाहुणा दारात उभा राहिला की कुत्र्याला पुढे जायचे असते आणि मागेही सरायचे असते. अशा कात्रीत सापडलेला प्राणी तिसरेच काहीतरी करतो, हे निको टिनबर्गन यांनी काटेरी मासोळीवर पाहिले होते. हद्दीवर समोरासमोर आलेले नर ना लढत ना पळत, खाली डोके करून वाळू उकरू लागत. टिनबर्गन यांनी त्याचे जे कारण दिले ते पुढे मागे पडले, निरीक्षण मात्र उभे राहिले. पाहुण्याच्या पायाला बिलगलेला कुत्रा बहुधा याच वाळूत असतो.

या दृष्टीने पाहिले की प्रसंगांचा वेळापत्रकासारखा अंदाज येतो. पाहुणे आले त्या पहिल्या पाच मिनिटांत. मुले शाळेतून आली आणि घरभर धावाधाव झाली तेव्हा. रात्री नऊच्या सुमारास, दिवसभर फ्लॅटमध्ये बसून कंटाळलेला कुत्रा अचानक वेडावतो तेव्हा. बागेत खेळ फार रंगला आणि कोणी थांबवले नाही तेव्हा. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळतात: उत्तेजना असते तेव्हा चढणे दिसते, तिचे कारण काढले की बहुतेकदा ते दिसत नाही. सत्तेच्या सिद्धान्ताला ही वेळ सांगता येत नाही. राज्य मिळवू पाहणारा प्राणी पहिल्या पाच मिनिटांनंतर महत्त्वाकांक्षा का सोडून देतो?

उताणा पाडण्याच्या उपायाला याच कसोटीवर लावावे. आधीच उत्तेजित असलेल्या जनावराला पकडून जमिनीवर दाबले तर ती उत्तेजना वाढेल की कमी होईल? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या प्राणिरुग्णालयात वर्तनाच्या तक्रारी घेऊन आलेल्या 140 मालकांची हेरॉन आणि सहकाऱ्यांनी विचारपूस केली. तो निबंध 2009 चा आहे. ज्या कुत्र्यांना मार किंवा लाथ बसली होती, त्यांतल्या 43 टक्के कुत्र्यांनी उलट आक्रमकता दाखवली. उताणे पाडलेल्यांत हे प्रमाण 31 टक्के होते. ही कुत्री मुळातच अडचणीची म्हणून आणलेली होती, हे लक्षात ठेवून आकडे वाचावेत. तरीही तीनातले एक कुत्रे उलटते असा उपाय मुलाबाळांच्या घरात कोणी सुचवत असेल तर त्याची फी परत मागावी. अमेरिकेतल्या पशुवैद्यक-वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच अशा पद्धतींविरुद्ध निवेदन काढले. आणि ज्यांनी हे उताणे पाडणे लोकप्रिय केले त्या न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्केट मठाच्या साधूंनी 1978 च्या आपल्या पुस्तकात दिलेला तो सल्ला 2002 च्या आवृत्तीत स्वतःच मागे घेतला. मूळ गुरूंनी सोडलेला मंत्र शिष्यांचे शिष्य अजून जपत आहेत.

यावर प्रतिपक्ष विचारेल, मग त्याला चढू द्यायचे? नाही. पाहुण्यांच्या पायाचा, आजीच्या तोल जाण्याचा आणि लहान मुलांच्या भीतीचा प्रश्न खराच आहे. पण अडवायचे ते चढण्याच्या आधी. कुत्रा चढायच्या अगोदर सांगतो: पायाभोवती घुटमळतो, हनुवटी मांडीवर घासतो, ओठ चाटतो, कुईकुई करतो, एकाच माणसाच्या मागे फिरतो. तेवढ्यात शांतपणे नाव घेऊन बोलवावे, बसायला किंवा आपल्या सतरंजीवर जायला सांगावे, आणि गेल्यावर चावायला काहीतरी द्यावे. बसलेला कुत्रा त्याच वेळी चढलेला असू शकत नाही, एवढे साधे गणित आहे. पाहुणे येणार असतील तर आधी फिरवून आणावे, हुंगू द्यावे, घाई करू नये. आणि पहिला चहा होईपर्यंत घरातच पट्टा लावून हातात धरावा. चढलाच तर ओढाताण नको, आरडाओरडा नको. पाहुण्याने उठून बाजूला व्हावे आणि कुत्र्याला दोन मिनिटे दुसऱ्या खोलीत निवू द्यावे. सगळ्यांत अवघड काम पाहुण्यांना हसू न देणे हे आहे. घरभर हशा झाला की कुत्र्याला हव्या त्या दोन्ही गोष्टी मिळतात, लक्षही आणि गोंधळही. ‘अरे व्वा, वयात आला’ म्हणणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवावे.

बागेत दोन कुत्री खेळत असतील तर न्याय खालच्या कुत्र्याकडून घ्यावा. तो स्वतःहून परत खेळायला येत असेल, आळीपाळी होत असेल, तर आपण मध्ये पडण्याचे कारण नाही. तो शेपूट पोटाखाली घेऊन निसटू पाहत असेल किंवा गुरगुरत असेल तर ताबडतोब आपला कुत्रा बोलावून घ्यावा. गुरगुरणाऱ्याला दटावू नये, तो सभ्य इशारा देतो आहे.

एक गोष्ट मात्र तिन्ही पक्षांच्या नजरेतून निसटते. कधीच न चढणारा कुत्रा किंवा मादी अचानक चढू लागली, किंवा चढण्याबरोबर मागचा भाग सतत चाटू लागली, तर ट्रेनरकडे न जाता डॉक्टरकडे जावे. मूत्रमार्गाचा संसर्ग, जांघेतली ॲलर्जी, नराच्या शिश्नावरील आवरणाचा दाह या सगळ्यांची सुरुवात अशी दिसू शकते. नराच्या शिश्नाच्या मुळाशी उत्तेजनेने फुगणारी गाठ म्हणजे ट्यूमर नव्हे. ती काही वेळात आपोआप उतरते, त्यासाठी रात्री दोन वाजता घाबरून फोन करायची गरज नाही. पण शिश्न बाहेर येऊन आत जातच नसेल, कोरडे पडू लागले असेल, रंग जांभळट होत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. वंगण लावून, ओल्या फडक्याने ओलसर ठेवून त्याच रात्री दवाखाना गाठावा. लाजेपोटी ‘काही नाही, थोडा चिडचिड करतोय’ असे सांगून डॉक्टरला अंदाज बांधायला लावू नये. मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्यावा आणि चढण्याआधी घरात काय चालले होते, तेही सांगावे.